बाबलशेटांची परदेशातली माणसं

बाबलशेटांकडे सुट्टी मागायची तर गोष्ट सांगावी लागे. नुसतं "शेट, मी उद्या येवचंय नाय" म्हणून भागत नसे. ते चष्मा कपाळावर सरकवत, गल्ल्यासमोरचं स्टूल पायाने पुढे ढकलत आणि म्हणत, "बस. काय झालां ता सांग." मग सांगणाऱ्याने सांगायचं. सासू आजारी आहे, मुलीला बघायला येणार आहेत, माकडांनी कौलं फोडलीत. शेट प्रत्येक गोष्टीत शिरत. सासूला कोणत्या डॉक्टरकडे नेलंय, मुलगा करतो काय, कौलं मंगलोरी की साधी, सगळं विचारत. गोष्ट जितकी काळजाला भिडेल तितकी सुट्टी मोठी मिळे, आणि उठताना शेट खिशात काहीतरी कोंबतही. बाळा नावाचा एक वाढपी होता. त्याने एका वर्षात दोनदा मावशी वारल्याचं सांगितलं. दुसऱ्या वेळी शेटांनी विचारलं, "मागच्या खेपेक मेली ती हीच काय रे?"

"नाय शेट, ती मधली. ही धाकटी."

"बरां, जा. पण आता उरलेले मावशे जरा जपान वापर."

मालवणच्या बाजारपेठेत त्यांची खानावळ होती. वर पर्यटकांसाठी काही खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि बाजूला काजू-कोकमाचं दुकान. मी बी.कॉम. होऊन तिथे हिशेब लिहायला लागले. कुडाळहून रोज एस.टी.ने जायचे. शेटांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून "चेडवा", म्हणजे पोरी, म्हणत आणि पुढे मी लग्न होऊन दोन मुलांची आई झाले तरी चेडवाच राहिले.

"माझ्याकडे नोकर नाय, सगळी घरची माणसां," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि ते खोटं नव्हतं. सगळे एकाच पातेल्यातलं जेवत. कोणाच्या मुलाचं शिक्षण, कोणाच्या आईचं ऑपरेशन शेटांनी केलेलं होतं. पण घरच्या माणसाला जसं वेळकाळ न बघता हाक मारता येते, तशी तेही मारत. पहाटे मासळीच्या लिलावाहून परतले की फोन सुरू. झोपलेल्याला उठवून विचारत, "काल रात्री खोबऱ्याचां वाटप उरलेलां ता फ्रीजमध्ये ठेवलंस मां?" सावित्रीमावशी स्वयंपाकघरात नारळ खवणे, कोळंबी सोलणे, वाटप करणे हे सगळं पुष्कळ वर्षं करत होती. ठरलेला सुट्टीचा वार तिला कधी नव्हता. हे कोणाला खटकलं नाही. मला नाही, शेटांना नाही आणि तिला तर नाहीच.

शेटांचा एक भाचा शिकायला पोर्तुगालला गेला होता. त्याच्या डोक्यात आलं की लिस्बनमध्ये मालवणी जेवणाचं हॉटेल काढावं. शेटांनी भांडवल घातलं. जागा मिळाली, पाटी लागली, आणि हॉटेल उघडायच्या सुमारास भाच्याला दुसऱ्या देशात चांगली नोकरी लागली. तो गेला. मालवणात बसलेल्या बाबलशेटांच्या गळ्यात लिस्बनचं हॉटेल आलं आणि तिथे माणसं ठेवायची पाळी आली.

तिथल्या कागदपत्रांचं काम देलियाबाई बघत. मूळच्या म्हापशाच्या, पण कित्येक वर्षं लिस्बनमध्ये हिशेबनीस म्हणून व्यवसाय करणाऱ्या. त्या कोंकणीत बोलत, शेट मालवणीत बोलत आणि मी लॅपटॉप धरून बसे. पहिल्याच बोलण्यात त्यांनी सांगितलं की माणूस कामावर पाऊल ठेवण्याआधी त्याची सरकारदरबारी नोंद व्हायला हवी, करार लेखी हवा, आणि कामावर इजा झाली तर म्हणून मालकाने विमा उतरवायला हवा.

"माणूस अजून माका दिसाक नाय, आणि तो पडात म्हणान विमो?" शेट म्हणाले.

"पडल्या उपरांत विमो मेळना, शेट," देलियाबाई शांतपणे म्हणाल्या.

मग आणखी कळलं की तिथे वर्षाला चौदा पगार द्यायचे. एक जास्तीचा सुट्टीच्या हंगामात, एक नाताळात. शेट माझ्याकडे बघून म्हणाले, "वर्षाचे महिने बारा, पगार चौदा! थंयचा कॅलेंडर वेगळां आसा काय गो?" देलियाबाई हसल्या. म्हणाल्या, पगार हा शब्दच मुळात पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. शेटांना हे इतकं आवडलं की पुढचे आठ दिवस गल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते. पाव त्यांचा, चावी त्यांची, काजू त्यांचा, बटाटा त्यांचा आणि पगारसुद्धा त्यांचाच.

स्वयंपाकाला तिथलीच एक बाई मिळाली. लुर्दिस नाव. पन्नाशीच्या आतबाहेरची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. तिला मालवणी स्वयंपाक सावित्रीमावशीने शिकवला, मोबाइलच्या पडद्यावरून. दोघींना एकमेकींची भाषा यायची नाही. मावशी भाजलेलं खोबरं कॅमेऱ्याला टेकवायची आणि ओरडायची, "ह्यो रंग! ह्येच्या फुडे नको, करपतला!" तिकडून लुर्दिस आपली कढई कॅमेऱ्यासमोर धरायची. मावशी मान हलवायची, पुन्हा भाजायला लावायची. महिन्याभरात लुर्दिसची तिसऱ्यांची एकशिपी, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, बघून मावशी मला म्हणाली, "हिचो हात बरो आसा. चव माका कळणा नाय, पण हात बरो आसा."

हॉटेल चालू लागलं. आणि शेटांचे फोनही. लिलावाहून आले की ते सवयीने लुर्दिसला फोन लावत. आपली पहाट म्हणजे तिथली मध्यरात्र, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते म्हणत, "माका काय बोलूचां आसा? नुसतां ऑल राइट काय, इतक्याच इचारतंय." लुर्दिसने काही दिवस उचलला. मग ती फोन बंद करून झोपू लागली. शेटांना ते फार लागलं. त्यांनी देलियाबाईंकडे तक्रार केली, तर उलट त्यांनाच ऐकावं लागलं. कामाच्या वेळेबाहेर मालकाने माणसाला फोन करू नये असा तिथे कायदाच होता.

"घरच्या माणसाक फोन करूचो नाय? ह्यो कसलो कायदो?"

"ती घरची न्हय, शेट. ती कामाची," देलियाबाई म्हणाल्या. "तिचें घर वेगळें आसा."

शेट त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

खरा प्रसंग पुढेच होता. सोमवारी लिस्बनचं हॉटेल बंद असे आणि तोच लुर्दिसचा सुट्टीचा वार होता. एका सोमवारी तिथल्या गोव्याच्या मंडळींचं मोठं जेवण ठरत होतं. शेटांना वाटलं, नाव होईल, गिऱ्हाईक वाढेल. त्यांनी रविवारी, कामाच्या वेळेतच, लुर्दिसला व्हिडिओ कॉल केला. मी शेजारी होते. लुर्दिसला थोडं इंग्रजी यायचं, शेटांना तिच्याहून थोडं कमी.

"मंडे, यू कम," शेट म्हणाले.

"मंडे, नो."

"व्हाय?"

तिने खांदे उडवले. "मंडे, नो."

शेटांनी दुप्पट मजुरी देऊ केली. नो. पुन्हा विचारलं, का नाही, घरी कोणी आजारी आहे का, देवळात जायचंय का, काय आहे ते सांग. त्यांना खरोखर कारण हवं होतं. तिने एखादी आजारी आई सांगितली असती तर त्यांनी त्या मंडळींना स्वतः नकार कळवला असता आणि आईसाठी फळंही पाठवली असती. पण ती काहीच सांगेना. नुसतं नो. शेटांचा चेहरा लाल झाला. "टुमॉरो नो कम, ट्यूजडे नो कम! फिनिश!" असं ओरडून त्यांनी लॅपटॉप मिटला.

मंगळवारी दुपारी मी सहज हॉटेलच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडलं. लुर्दिस आपल्या वेळेला आली होती, अॅप्रन बांधत होती. सावित्रीमावशी माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "इली मां ती. आता मसालो भाजतली." शेट धावत आले. "ही इली कशी? मी काढलंय मां हिका?"

तेवढ्यात देलियाबाईंचा फोन आला. लुर्दिसने त्यांना सगळं सांगितलं होतं. "शेट, फोनार सांगून हांगा कोणाक काडूंक मेळना," त्या म्हणाल्या. माणसाला काढायचं तर त्याचा दोष लिहून द्यायचा, त्याचं उत्तर ऐकून घ्यायचं आणि दोषही खरोखर मोठा असायला हवा. सुट्टीच्या दिवशी कामाला न येणं हा दोषच नव्हे. ती कोर्टात गेली तर कोर्ट तिला परत कामावर घ्यायला लावील आणि मधल्या दिवसांचा पगारही द्यावा लागेल.

"ता ऱ्हवां दे," शेट म्हणाले. "पण तिना कारण तरी सांगूक होयां मां?"

"कारण विचारपाचो हक्क तुमकां ना, शेट. तो दीस तिचो."

फोन संपल्यावर शेट म्हणाले, "चेडवा, व्हिसाचा बघ. माका तिच्या तोंडार बोलूचां आसा."

ते खरंच गेले. गोव्याहून विमानात बसले, सोबत कोकम, माशांच्या सारात घालायची तिरफळं आणि भांडणाची पूर्ण तयारी. मला वाटलं होतं, आठवड्यात परततील. ते जवळजवळ महिन्याने आले. आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर त्यांनी ते गल्ल्यासमोरचं स्टूल माझ्याकडे ढकललं आणि या खेपेला गोष्ट त्यांनी सांगितली.

"गेलंय. हॉटेलात बसलंय. माका वाटला, बघूनच घाबरात. तिना माझ्यासमोर ताट ठेवल्यान. सुरमईचां सार, भात. जेवलंय. आयेच्या हातची चव, नुसतां तिरफळ कमी. मगे काय भांडतलंय? देलियाबायन कागद केल्यानी, काढलेलां मागे घेतलां म्हणान. मी सही केलंय. मगे देलियाबायक म्हटलंय, बाय, आता तरी लुर्दिसक इचार, त्या सोमवारी खंय जाणा होता. देलियाबायन इचारलाच नाय."

"मग कळलं का तुम्हाला?"

"नाय. सोमवारी हॉटेल बंद. मी एकटो नदीवर जावन बसलंय. ती खंय होती, माका ठावक नाय. अजून ठावक नाय. थंय बसान एक गोष्ट मनात इली. हयसर माझ्या सगळ्या माणसांचां माका सगळां ठावक आसा. कोणाची बायको रुसली, कोणाच्या पोटात दुखता, कोणाच्या घरात भांडण. माका वाटायचां, ह्यां प्रेम. माझ्यार इश्वास आसा म्हणान सांगतत. पण चेडवा, ते माका सांगीत कित्याक? सुट्टी होई म्हणान. सांगल्याशिवाय मी देय नव्हतंय, म्हणान."

मी हळूच सांगितलं की आठवड्याची सुट्टी आपल्याकडच्या कायद्यातही आहे. नेमणुकीचं पत्र, भविष्यनिर्वाह निधी, सगळं आहे. माझ्या अभ्यासक्रमात होतं.

"हयसर पण?" शेटांनी इतक्या आश्चर्याने विचारलं की मला हसू आलं. "मगे इतकी वर्सां..."

पुढच्या महिन्यापासून मालवणात प्रत्येकाला सुट्टीचा वार मिळाला. सावित्रीमावशीला गुरुवार. शेटांनी तिला बोलावून सांगितलं, "गुरुवारी येव नको." मावशीच्या हातातली कोयती तशीच राहिली. डोळे भरले. "शेट, माझां काय चुकलां?"

"काय चुकूक नाय. सुट्टी."

"पण माका सुट्टी नको. माझ्या घरात कोण आजारी नाय."

शेटांनी माझ्याकडे बघितलं. तिला समजवायला त्यांना अर्धा तास लागला. पगार कापला जाणार नाही हे तिला तीनदा सांगावं लागलं, आणि तरीही पहिल्या गुरुवारी ती दुपारी मागच्या दाराने येऊन कोळंबी सोलत बसली. शेटांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं.

काही महिन्यांनी एका गुरुवारी मी भावाला सोडायला कुडाळ स्टेशनवर गेले होते. फलाटाच्या टोकाच्या बाकावर मावशी बसली होती. नवी साडी, हातात शेंगांची पुडी.

"काय गो मावशे, खंय चललंस?"

"खंय नाय," ती लाजून म्हणाली. "गाडी बघूक इलंय. एक गेली, आता दुसरी येतली."

दुसऱ्या दिवशी शेटांना मी हे सांगितलं नाही. त्यांनीही तिला काही विचारलं नाही. पण विचारायची इच्छा त्यांना किती व्हायची, हे मी रोज बघत होते. तो काळ त्यांना जड गेला. माणसं यायची, वहीत सुट्टी लिहून जायची. स्टूल रिकामं राहायचं. "आता माका कोण काय सांगणा नाय," ते एकदा म्हणाले. "दुकान कायद्यान चलता, पण माका करमणा नाय." मला तेव्हा वाटलं, या माणसाकडून आपण काहीतरी काढून घेतलं. बरोबर असूनही काढून घेतलं.

मग एका दुपारी बाळा आला, तोच मावश्यांचा. स्टूल ओढून बसला. त्याच्या मुलाला बोलायला उशीर होत होता, डॉक्टर काही वेगळंच सांगत होते. तो बराच वेळ बोलला, मध्येच रडला. शेटांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस होयेत?"

"सुट्टी नको शेट," बाळा म्हणाला. "ती माझी आसा. मी असोच सांगूक इलंय."

शेटांनी चष्मा कपाळावर सरकवला नाही, डोळ्यांवरच ठेवला आणि ओल्या झालेल्या काचा पुसायचं विसरून गेले.

मला कामगार कायद्याचा अभ्यास त्यांनीच करायला लावला. "तू शीक. माका पुन्हा परमुलखात आपटूचां नाय," म्हणाले. परीक्षेच्या दिवसांत मी रजा मागायला गेले तर रागावले, "मागतंस कित्याक? लिही आणि जा."

दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी धावपळ बंद केली आणि लिस्बनचं हॉटेल विकायचं ठरलं. घेणारा तिथलाच होता. किमतीची घासाघीस शेटांनी भाच्यावर सोडली. स्वतः देलियाबाईंना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिले, लुर्दिसची आपल्याकडची वर्षं नव्या मालकाकडे धरली जातील ना? देलियाबाई म्हणाल्या, कायद्याने धरावीच लागतात, मालक बदलला म्हणून माणूस नवा होत नाही. शेटांनी ते मला लिहून घ्यायला लावलं, मोठ्याने वाचून घेतलं आणि मगच सही केली. त्या संध्याकाळी लुर्दिसशी शेवटचा कॉल झाला. दोघांनाही फारसं बोलता येत नव्हतं. ती स्वयंपाकघरात उभी होती, शेट उशीला टेकून बसले होते. मग तिने हसून, अगदी मावशीच्या सुरात म्हटलं, "जेवलांत?" हा एवढा एक शब्द ती कधी शिकली होती, कोणास ठाऊक.

शेट गेल्या वर्षी गेले. मी आता कुडाळात स्वतःचं छोटं ऑफिस टाकलंय. परदेशातल्या कंपन्या आपल्याकडची मुलं घरबसल्या कामाला ठेवतात आणि इथले नियम काय, ते मला विचारतात. आपल्याकडेही माणूस जिथे बसून काम करतो तिथला कायदा लागतो, हे त्यांना सांगताना देलियाबाईंचा तो शांत आवाज मला सापडतो का, बघत असते. नेहमी सापडत नाही.

अलीकडे तळेरे गावच्या एका मुलीचं प्रकरण आलं. ती हॉलंडमधल्या एका कंपनीचं काम करते. वेळ त्यांची, साहेब त्यांचा, दुसरं कोणतंही काम नाही, पण करारात तिला स्वतंत्र व्यावसायिक म्हटलेलं. ती गरोदर असल्याचं कळलं आणि तिचं काम थांबवायचं ठरलं. मी मालकाशी बोलले. तरुण मुलगा होता, अजून तिशीतला. मी सांगितलं की नाव काहीही दिलं तरी ती तुमची नोकरच ठरण्यासारखी आहे, आणि गरोदर आहे म्हणून तिला काढता येणार नाही. तो भडकला. कंपनी माझी, पैसे माझे, आणि चूकही माझीच का, असं ओरडला. मला त्याचा राग येईना. या सुराशी माझी जुनी ओळख होती. त्याचं ओरडून झाल्यावर मी म्हटलं, एकदा इकडे येऊन जा.

त्याने मुलीला कामावर ठेवलं. रजाही दिली. तिला मुलगी झाली आहे. आणि पुढच्या महिन्यात तो खरंच येतोय. मी त्याला तळेऱ्याला नेईन, मालवणला आणीन, सावित्रीमावशीच्या हातचं जेवू घालीन. ते सगळं ठरलंय. पण जेवताना त्याच्या समोरच्या खुर्चीवर ज्यांनी बसायला हवं होतं, ज्यांनी मोडक्या इंग्रजीत त्याला आपलं सगळं सांगितलं असतं आणि त्यानेही ते ऐकून घेतलं असतं, ते शेट मी कुठून आणू?